टिपणीस बाईंचे शनिवार

टिपणीस बाईंनी दोन वर्षांत मला बोलताना एकदाही सुधारलं नाही. भाषा शिकवणाऱ्या बाईंबद्दल असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, फार मायाळू असणार. तसं मुळीच नव्हतं. पाच मिनिटं उशीर झाला तर त्या वर्गात घेत नसत. निबंधाच्या समासात लाल शाईने ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ एवढंच लिहून वही परत करत, आणि ते वाचून दोन दिवस जेवण जात नसे. पण माणसाच्या तोंडून जे बाहेर पडतं त्यात चूक असू शकते, हे त्यांना मान्यच नव्हतं. चूक बेरजेत होते, स्वयंपाकात होते, लग्नात होते, असं त्या म्हणत. बोलण्यात फक्त फरक असतो. बाईंनी लग्न केलेलं नव्हतं. त्यामुळे तिसरं उदाहरण त्या कुठल्या पुराव्यावर देतात, असं विचारायचं आमच्या मनात नेहमी यायचं. पण विचारलं असतं तर तो प्रश्नही त्यांनी टिपून घेतला असता.

कारण बाई सगळं टिपून घेत. आडनाव टिपणीस आणि धंदाही टिपण्याचा. खांद्याला कापडी पिशवी, त्यात जुन्या कॅलेंडरच्या पानांचे पाठकोरे चौकोन, रबरबँडने बांधलेले, आणि एक बोटभर लांबीची पेन्सिल. बुटका बांधा, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. समोरचा माणूस काही वेगळं बोलला की बाईंचा हात आपोआप पिशवीत जायचा. घाटकोपरला त्या धाकट्या भावाबरोबर राहत. अण्णा पोस्टातून मुदतीआधीच निवृत्त झालेले, स्वभावाने बोलके असावेत, पण घरात अगदी गप्प असत. आम्ही त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा चहा देता देता त्यांनी हळूच सांगितलं, की मी काही बोललो की ही लिहून घेते, म्हणून मी कामापुरतंच बोलतो. आतून बाईंनी विचारलं, “कामापुरतं म्हणालास की कामापुरता?” अण्णांनी आमच्याकडे ‘बघा’ अशा नजरेने पाहिलं आणि ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. विद्यापीठाच्या आवारात एका बसक्या दुमजली इमारतीच्या वरच्या टोकाला आमचा वर्ग होता. वर्गात पाच जण. एक मी, सुषमा, मुलुंडची, वक्तृत्वाचे सात कप मिळवलेली. एक सामंत, बँकेत कारकून, बढतीच्या परीक्षेत एम.ए.चा उपयोग होईल अशा हिशेबाने आलेला. दोन मैत्रिणी होत्या, दुसरीकडे प्रवेश न मिळाल्यामुळे आलेल्या. त्या कायम एकत्र बसत आणि एकत्रच गैरहजर राहत. पाचवा रमेश पेडणेकर. पाचपेक्षा कमी विद्यार्थी झाले तर अभ्यासक्रम बंद, असा नियम होता. त्यामुळे आमच्यातलं कोणी शिंकलं तरी विभागात काळजी पसरायची.

पहिल्याच तासाला बाईंनी प्रत्येकाला विचारलं, घरी कुठली भाषा बोलता. मी उठून सांगितलं, आमच्या घरी शुद्ध मराठी बोलतात, आणि वक्तृत्वाचे सात कपही मोजून दाखवले. बाईंनी मान डोलावली आणि पुढे गेल्या. नंतर आम्ही कँटीनमध्ये बसलो असताना त्या टेपरेकॉर्डर घेऊन आल्या, सगळ्यांना विचारून तो टेबलावर ठेवला आणि आपल्या कपातला चहा पीत बसल्या. दहा मिनिटांत आम्ही ते यंत्र विसरलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेप लावली. त्यात मी मैत्रिणीला सांगत होते, “अगं यार, माझी तर वाट लागली ना, फॉर्मची लास्ट डेट गेली, आता कुणाला पटवायचं?” मला जमिनीत शिरावंसं वाटलं. बाईंनी टेप थांबवली.

“ही मुलगी मला आवडली,” त्या म्हणाल्या. “कालची ती कपवाली कोण होती, तिला मी ओळखत नाही.”

त्या दिवसापासून वर्गात ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे दोन शब्द बंद झाले.

बाईंच्या टिपण्याच्या छंदाच्या कथा आम्हाला त्यांच्याच तोंडून कळत, आणि त्या सांगताना आपण काही गमतीचं सांगतो आहोत असं त्यांना अजिबात वाटत नसे. घाटकोपरच्या बाजारात एकदा दोन भाजीवाल्या जागेवरून भांडत होत्या. एकीने दुसरीला असा काही शब्द वापरला की बाई थबकल्या. भांडण रंगात आलेलं असताना मध्ये जाऊन त्यांनी विचारलं, की मघाचा तो शब्द पुन्हा म्हणाल का, जरा सावकाश. दोघी आधी गोंधळल्या. मग दोघींनी मिळून बाईंना धरलं. जागेचं भांडण जागेवरच मिटलं आणि पाच मिनिटं दोघी एकदिलाने बाईंना बोलत राहिल्या. आम्ही विचारलं, मग तुम्ही काय केलंत? बाई म्हणाल्या, “काय करणार? जुना शब्द मिळाला नाही. पण नवे दोन मिळाले.”

दुसऱ्या एका वेळी एका बसच्या वाहकाची ‘पुढे सरका’ म्हणायची पद्धत त्यांना आवडली. गर्दी वाढेल तसा त्याचा ‘पुढे’ आखूड होत जायचा आणि ‘सरका’ लांबत जायचा. कुठल्या थांब्याला ‘पुढे’ पूर्ण नाहीसा होतो ते बघायला बाई बसून राहिल्या आणि थेट मानखुर्दला उतरल्या. घरी पोचायला दोन तास उशीर झाला. अण्णांनी एवढी काळजी केली होती, की त्या दिवशी ते सलग चार वाक्यं बोलले. ती चारही बाईंकडे लिहिलेली आहेत.

आता मुख्य गोष्ट सांगते. दुसऱ्या वर्षाला क्षेत्रीय अभ्यास नावाचा विषय होता. पुस्तकं बाजूला ठेवायची, आपल्याहून वेगळी बोली बोलणारं एक माणूस वर्गात बोलवायचं, दर शनिवारी दुपारी त्याच्याशी बोलायचं, ते टेपवर घ्यायचं आणि त्यातून त्या बोलीचं व्याकरण आपण मांडायचं. वर्षाअखेरीस बाहेरगावचे परीक्षक येऊन ते तपासणार. विभागप्रमुखांनी त्या वर्षी बाईंना स्पष्ट सांगितलं होतं, की या विषयातून दाखवण्यासारखं काही निघालं नाही तर पुढच्या वर्षापासून तो बंद करू. बाईंनी तो विषय भांडून सुरू केलेला होता. त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून वर्गात मात्र पाच मिनिटं आधी येऊन बसायला लागल्या.

बोलायला येणार होते ते गृहस्थ ऐन वेळी गावी निघून गेले. बाईंनी आम्हाला विचारलं, कुणाच्या ओळखीत कोणी आहे का. आम्ही चौघांनी माना हलवल्या. रमेश पेडणेकर खिडकीबाहेर बघत होता.

रमेशचं मराठी आम्हा सगळ्यांत पुस्तकी. तो ‘परंतु’ म्हणायचा, ‘किंबहुना’ म्हणायचा. राहायचा वाकोल्यात, विद्यापीठापासून चालत पंधरा मिनिटांवर, पण दीड वर्षात त्याने आम्हाला घरी बोलावलं नव्हतं. घरच्यांबद्दल विचारलं की विषय बदलायचा. बाईंना मात्र पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. एखाद्या शब्दाच्या शेवटी त्याचा आवाज किंचित नाकात जायचा, आणि तेवढ्यावरून बाईंनी त्याचं गाव कणकवलीच्या अलीकडचं की पलीकडचं एवढंच ठरवायचं बाकी ठेवलं होतं.

त्याच संध्याकाळी बाई पत्ता शोधत वाकोल्याच्या चाळीत गेल्या. रमेशने दार उघडलं आणि त्याचा चेहराच उतरला. आत त्याची आई डबे भरत होती. वडिलांची गिरणी बंद पडलेली. ते दारातल्या खुर्चीवर बसून असत, आणि घर चालायचं ते आईने, म्हणजे पुढे आमच्या झालेल्या पार्वतीकाकींनी, अंधेरीच्या कारखान्यातल्या माणसांसाठी केलेल्या डब्यांवर. बाई सरळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, तुमची भाषा आम्हाला शिकवाल का? काकींना वाटलं, पोराने काहीतरी गुन्हा केला आहे आणि बाई आडून सांगत आहेत. विद्यापीठात लोक त्यांचं बोलणं ऐकायला बसणार, ही गोष्ट पटायला दोन कप चहा लागला. रमेश सगळा वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो नंतर मला म्हणाला, “पंधरा वर्षं मी जे घरात ठेवलं होतं, बाई ते उचलून वर्गात घेऊन गेल्या.”

पहिल्या शनिवारी पार्वतीकाकी लग्नाला निघाल्यासारख्या आल्या. जरीच्या काठाची साडी, केसात अबोलीचा गजरा, पायात नव्या वहाणा. खुर्चीत ताठ बसल्या. बाईंनी टेप सुरू केली आणि काकींनी आकाशवाणीवरून बातम्या द्याव्यात तशा आवाजात सांगितलं, “माझे नाव पार्वती पेडणेकर. मी सकाळी लवकर उठते. मी भात शिजवते.”

सामंतने विचारलं, हे तुम्ही घरी कसं म्हणता?

“असंच म्हणते.”

मुलगा घरी आला नाही, हे कसं म्हणाल?

“मुलगा घरी आला नाही.”

असे चार शनिवार गेले. एवढं पुस्तकी मराठी मी माझ्या सात कपांच्या काळातही ऐकलं नव्हतं. टेप बंद केली की काकी खाली जाऊन फाटकाजवळच्या ओळखीच्या बाईला हाक मारायच्या आणि तिथे जी मालवणी सुरू व्हायची, ती आम्हाला वरच्या खिडकीतून तुटक तुटक ऐकू यायची. सामंत म्हणाला, मायक्रोफोन कुंडीमागे लपवून ठेवू, त्यांना कळणारही नाही. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ती सूचना परत घेतली. मग बाईंनी दुसरा उपाय केला. स्वतः मुद्दाम वाईट मालवणी बोलायला लागल्या, म्हणजे काकींना राहवणार नाही आणि त्या सुधारतील. बाईंची मालवणी खरोखरच भीषण होती. पण काकी पडल्या सभ्य. त्या हसून म्हणायच्या, किती छान बोलता तुम्ही.

परीक्षेला दीड महिना उरला होता. आमच्या वह्यांत काकींच्या बोलीचं म्हणावं असं एक वाक्य नव्हतं. बाईंनी त्या आठवड्यात पेन्सिलीला तीनदा टोक केलं आणि काहीही लिहिलं नाही.

पाचव्या शनिवारी आम्ही नकाराची वाक्यं विचारत होतो. तो गेला नाही, ती आली नाही, त्यांनी खाल्लं नाही. काकी एकेक वाक्य छापील मराठीत परत करत होत्या. रमेश टेपरेकॉर्डरजवळ बसून आकडे बघत होता. सामंतकडची वाक्यं संपली होती. काहीतरी ओळखीचं द्यावं म्हणजे काकींना सोपं जाईल, अशा सद्हेतूने तो म्हणाला, “रमेश मुलाखतीला गेला नाही.”

“रमेश मुलाखतीला गेला नाही,” काकी म्हणाल्या. मग थांबल्या. मान हळूच रमेशकडे वळली.

“मुलाखतीक जाऊक नाय?” त्या म्हणाल्या. “खंयच्या मुलाखतीक?”

पाच शनिवारांत टेपवर आलेलं ते पहिलं मालवणी वाक्य. बाईंनी पेन्सिल उचलली आणि रमेशचा चेहरा बघून खाली ठेवली.

झालं होतं ते असं. सामंतच्या बँकेत कारकुनाच्या जागा निघाल्या होत्या. रमेशने अर्ज केला होता, बोलावणंही आलं होतं. मुलाखतीच्या दिवशी तो घरून इस्त्रीचा शर्ट घालून निघाला आणि ग्रंथालयात जाऊन बसला. सामंतला वाटत होतं, हे घरी ठाऊक आहे. घरी काहीच ठाऊक नव्हतं. ‘अजून बोलावणं आलेलं नाही’, एवढंच रमेश दीड महिना सांगत होता.

काकी उभ्या राहिल्या. त्यानंतरची वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. नवऱ्याची गिरणी, पहाटे चारला पेटणारा स्टो, अंधेरीपर्यंत वाहून नेलेले डबे, शेजारणीकडून आणलेली इस्त्री, सगळं त्या बोलल्या. आवाज फार वाढला नाही. शब्द मात्र असे येत होते की एकही परत घेता येऊ नये. आम्ही चौघं बाकाकडे बघत होतो. रमेश आईकडे वळला. मग तो बोलला, आणि ‘परंतु’ म्हणणारा रमेश आम्ही पहिल्यांदाच त्या भाषेत ऐकला.

“आये, माका ह्यांच शिकाचां आसा.”

“ह्यां म्हणजे काय?” काकींनी टेबलावरच्या आमच्या वह्यांकडे हात केला. “माझी भाषा? ती तर मी तुका फुकट शिकवलंय.”

आणि त्या निघून गेल्या. मागोमाग रमेश गेला. एक नवी वहाण दारातच राहिली होती, ती घ्यायला तो परत आला, कोणाकडे न बघता ती उचलली आणि पुन्हा गेला.

यंत्र चालूच होतं. सर्वांत आधी ते सामंतच्या लक्षात आलं. तो कुजबुजला, की बाई, सगळं आलंय. खरंच सगळं आलं होतं. नकार, आज्ञा, भूत, भविष्य, प्रश्न. व्याकरणाचं एकही घर रिकामं राहिलं नसतं. मैत्रिणींपैकी एकीने वही उघडली. मीही पेनाचं टोपण काढलं होतं, हे मी लपवणार नाही.

बाईंनी टेप मागे नेली. मायक्रोफोनची वायर काढली. मग दोन बटणं एकदम दाबून त्याच टेपवर वरून कोरं भरायला लावलं.

सामंत उठला. “बाई, पुसलं जाईल ते.”

“पुसलंच पाहिजे,” बाई म्हणाल्या. “ती आपल्याशी बोलत नव्हती.”

“पण परीक्षा आहे. आणि विभागप्रमुख—”

“बसा सामंत.”

ज्यांनी त्या काळचे टेपरेकॉर्डर वापरले आहेत त्यांना ठाऊक असेल, की वीस मिनिटांचं बोलणं पुसायला वीस मिनिटं लागतात. बाई हात मांडीवर ठेवून टेपच्या फिरणाऱ्या चकत्यांकडे बघत बसल्या. उठून जायची आमची हिंमत नव्हती. वायर काढलेली असली तरी यंत्राला आपला एक छोटा कान आहे, ही शंका सगळ्यांनाच होती, म्हणून श्वाससुद्धा जपून घेतला जात होता. मध्येच विभागाच्या शिपायाने दार ढकलून विचारलं, “चहा आणू का?” आम्ही सगळ्यांनी एकदम हातवारे केले. तो घाबरून दार ओढून गेला. पुढे ती टेप लावली तेव्हा कळलं की शंका खरी होती. वीस मिनिटांच्या शांततेत बरोबर मध्यभागी फक्त ‘चहा आणू का’ आहे.

सोमवारी बाई एकट्याच वाकोल्याला गेल्या. तिथे काय झालं ते रमेशकडून कळलं. बाईंनी काकींची क्षमा मागितली. तुमच्या घरातली गोष्ट आमच्या वर्गात उघडी पडली, ती आमच्या वाक्यामुळे पडली, असं म्हणाल्या. आणि टेप पुसून टाकली आहे, तुम्ही निर्धास्त असा, असंही सांगितलं. दारातल्या खुर्चीवर रमेशचे वडील होते, ते खाली बघत राहिले. काकी मात्र तवा तसाच ठेवून बाहेर आल्या.

“पुसलात?” त्या म्हणाल्या. “आयुष्यात एकदाच मी सगळां सांगलंय, आणि तां पण पुसलात?”

शनिवारी घरी येऊन काकींनी शेजारणीला सगळं सांगितलं होतं. शेजारीण ते ऐकायला येणार होती. शिवाय नवऱ्याला ते ऐकवायचंच होतं. तो समोर कधी ऐकत नाही, उठून बाहेर जातो. यंत्रातून आलं असतं तर निदान कुतूहलाने तरी बसला असता. रमेश म्हणतो, टिपणीस बाईंना निरुत्तर झालेलं त्याने तेव्हाच पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. दारातल्या खुर्चीवरून वडील म्हणाले, की मी आता ऐकतो, सांग. तेव्हा काकींनी त्यांना सांगितलं, की आता माझ्या पोळ्या करपतात.

मायलेकांमध्ये त्या आठवड्यात काय ठरलं ते रमेशने पुरतं कधी सांगितलं नाही. दिसलं ते एवढंच, की पुढच्या सोमवारपासून तो सकाळी अंधेरीचे डबे पोचवून मग वर्गात यायला लागला आणि त्याच्या शर्टाला आईच्या आमटीतल्या तिरफळांचा वास यायला लागला. वर्गात ‘किंबहुना’ कमी झालं.

पुढच्या शनिवारी काकी येतील अशी आम्हाला आशा नव्हती. बरोबर तीन वाजता त्या आल्या. घरची फिकट साडी, केस आवळून बांधलेले, पायात जुन्या चपला. खुर्ची ओढून बसल्या आणि सामंतला म्हणाल्या, “चालू कर तां मशीन.” मग त्यांनी न विचारताच सुरुवात केली. मागच्या शनिवारचं सगळं पुन्हा सांगितलं. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे, त्यात थोडी भर घालून. रमेश समोर बसून ऐकत होता आणि दोनदा त्याला हसू आलं. काकींनाही आलं. त्यानंतरचे सगळे शनिवार त्यांचेच झाले. आम्ही वहीत लिहिलेलं वाचून दाखवायचो आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. माझा एक अनुस्वार त्यांनी चार वेळा परत पाठवला. टिपणीस बाईंची मालवणी कशी आहे हेही त्यांनी एकदाचं मोकळेपणाने सांगितलं, आणि बाईंनी ते पूर्ण वाक्य लिहून घेतलं.

परीक्षेला बाहेरगावहून आलेले गृहस्थ फार गंभीर होते. आमचं व्याकरण त्यांनी पानापानाने उलटलं. काकींनी उदाहरणं स्वतः निवडली होती आणि ती बदलू दिली नव्हती. नकार: ‘रमेश मुलाखतीक जाऊक नाय.’ भविष्य: ‘रमेश मुलाखतीक जातलो.’ प्रश्न: ‘रमेश मुलाखतीक कित्याक जाऊक नाय?’ तीस पानांत रमेश सगळ्या काळांतून आणि अर्थांतून गेला होता. परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, हा रमेश कोण? रमेश उभा राहिला आणि म्हणाला, मीच. परीक्षकांनी बराच विचार केला.

“मग गेलात का शेवटी?” त्यांनी विचारलं.

“परीक्षा झाल्यावर जाईन म्हणालोय,” रमेश म्हणाला. “आईला.”

परीक्षकांनी हसू दाबलं असावं. अहवालात त्यांनी आमच्या कामाबद्दल चार बऱ्या ओळी लिहिल्या आणि तो विषय पुढेही चालू राहिला. बँकेत पुन्हा जागा निघाल्या तेव्हा रमेश मुलाखतीला गेला आणि नापास झाला. पुढे तो एका महाविद्यालयात शिकवायला लागला. काकींनी चाळीत पेढे वाटताना सांगितलं, की पोरगा माझी भाषा शिकवतो. तो खरं तर तिथे मराठीचे निबंध तपासायचा, पण त्याने ते सुधारलं नाही.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर तीन-चार वर्षांनी. त्या निवृत्त झाल्या होत्या. मला मुलुंडच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी घाटकोपरला भेटायला गेले. दार अण्णांनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत बाई आरशासमोर बसलेल्या, हातात घड्याळ आणि समोर टेपरेकॉर्डर. पंधरवड्यापूर्वी त्यांचे सगळे दात काढून कवळी बसवली होती. दुसरी कोणी असती तर महिनाभर तोंडाला पदर लावून बसली असती. बाई दररोज सकाळी तेच चाळीस शब्द टेपवर म्हणत होत्या, आणि कुठलं अक्षर कुठल्या दिवशी परत आलं त्याची नोंद ठेवत होत्या. त थोडा अडखळत चौथ्या दिवशी आला. च नवव्या दिवशी आला. स मात्र अजून आलेला नव्हता.

त्यांनी मला बसवून तासभर ते सगळं ऐकवलं. ष ठीक आहे, त्या म्हणाल्या, तो टाळूला मागे होतो, त्याचं दातांशी फारसं काम नाही. स ला जागा लागते, आणि तीच कवळीने घेतली आहे. हे सांगताना ‘स’ च्या जागी कधी थ येत होता, कधी श, कधी नुसतीच शिट्टी, आणि प्रत्येक वेळी त्या स्वतःकडे कौतुकाने कान देत होत्या. डॉक्टर म्हणाले होते, वयामुळे एवढं चालायचंच. ते बाईंना मान्य नव्हतं. चेहरा खूप बारीक झाला होता. मी नोकरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि वर्गात किती मुलं आहेत, कुठून कुठून येतात, हे विचारलं. अण्णांनी चहा आणला. निघताना मी वाकून नमस्कार केला.

जिना उतरून मी रस्त्यावर आले तेवढ्यात वरून हाक आली.

“थुषमा.”

मी मान वर केली. बाई गॅलरीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. काही विसरलं का, असं मी हातानेच विचारलं. त्यांनी मान हलवली. तोंड मिटून दातांमागे जीभ कुठेतरी चाचपून पाहिली आणि पुन्हा हाक मारली.

“शुषमा.”

समोरचा केळीवाला गाडी थांबवून वर बघायला लागला. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाईही थांबली. मी तशीच उभी राहिले. या वेळी बाईंनी घाई केली नाही. कठडा दोन्ही हातांनी धरला, श्वास घेतला.

“सुषमा.”

अगदी स्वच्छ. मुलुंडपर्यंत ऐकू गेली असती.

“काय बाई?” मी खालून विचारलं.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “जा आता.”